वाचा गेली म्हणजे काय गेले?

पक्षाघाताने वाचा गेलेल्या माणसाला भेटायला येणारी मंडळी बहुधा दोन गोष्टी करतात. आधी ती त्याच्याशी मोठमोठ्याने बोलतात, जणू त्याचे कान गेले आहेत. मग थोड्या वेळाने त्याच्याशी बोलणेच सोडून देतात आणि त्याच्यादेखत त्याच्या पत्नीला विचारू लागतात, “जेवतात का? झोप लागते का? माणसं ओळखतात का?” यात दुष्टावा नसतो. आलेली माणसे आपुलकीनेच आलेली असतात, पिशवीतून मोसंबीही आणलेली असतात. परंतु या वागण्याच्या मुळाशी एक न तपासलेली समजूत दडलेली असते. जो बोलत नाही त्याला कळत नाही, आणि ज्याला कळत नाही तो आता पूर्वीचा माणूस उरलेला नाही, अशी ती समजूत आहे. ती कितपत खरी आहे, हे आपण येथे पाहू. मेंदूच्या अभ्यासकांनी गेल्या दीडशे वर्षांत या प्रश्नावर पुष्कळ काम केले आहे. अलीकडे तर कवटीवरून सौम्य विद्युत्प्रवाह देऊन हरवलेले शब्द परत आणता येतात का, याचेही प्रयोग चालू आहेत. मराठी वाचकाच्या कानावर त्यातले फार थोडे आलेले असल्यामुळे काही तपशील सांगणे भाग आहे.

वैद्यकात ज्याला ‘अफेझिया’ म्हणतात त्याला मराठीत ‘वाचाघात’ असा शब्द आहे. जीभ किंवा ओठ लुळे पडल्यामुळे उच्चार बोबडे होणे हा निराळा विकार. वाचाघातात जीभ हलते, आवाज निघतो, ऐकूही येते. पण मनातल्या अर्थाला शब्द सापडत नाही, किंवा सापडलेले शब्द वाक्यात बसत नाहीत, किंवा दुसऱ्याचे शब्द कानी पडूनही त्यांचा अर्थ नीट लागत नाही. बहुतेक माणसांच्या बाबतीत भाषेचा कारभार मेंदूच्या डाव्या अर्ध्या भागात चालतो. त्या भागाला रक्त पुरवणारी वाहिनी तुंबली वा फुटली की हा घात होतो. पक्षाघात झालेल्या साधारण तीन रुग्णांमागे एकाच्या वाट्याला तो येतो. मेंदूचा डावा भाग शरीराच्या उजव्या बाजूवर हुकमत चालवतो, म्हणून वाचेबरोबर पुष्कळदा उजवा हातही जातो. तेव्हा लोक म्हणतात, डाव्या हाताने लिहून दाखवायला सांगा. पण अडचण हाताची नसते. जो शब्द जिभेवर येत नाही तो बहुधा पाटीवरही उतरत नाही.

या अभ्यासाचा आरंभ पॅरिसजवळच्या बिसेत्र येथील रुग्णालयात १८६१ साली झाला, असे मानतात. पॉल ब्रोका या शल्यविशारदाकडे त्या एप्रिलमध्ये ५१ वर्षांचा एक रुग्ण आणण्यात आला. तो २१ वर्षे त्याच संस्थेत राहत होता आणि त्याला एकच अक्षर उच्चारता येत असे : ‘तां’. काही विचारले की ‘तां, तां’. त्यामुळे रुग्णालयात त्याचे नावच ‘तां’ पडले होते. आल्यानंतर थोड्याच दिवसांत तो वारला. ब्रोकाने त्याचा मेंदू तपासला आणि डाव्या बाजूच्या पुढच्या भागात इजा झालेली दाखवून दिली. मेंदूच्या त्या भागाला आजही ब्रोकाचे नाव आहे. इथवरची कथा पाठ्यपुस्तकांत असते. त्याच टिपणातली दुसरी एक गोष्ट मात्र मला अधिक मोलाची वाटते. तुम्ही येथे किती वर्षे आहात, असे ब्रोकाने त्याला विचारले. त्याने डाव्या हाताचा पंजा चार वेळा उघडला आणि वर एक बोट दाखवले. पाच चोक वीस आणि एक, म्हणजे एकवीस. उत्तर अचूक होते. दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न, तेच उत्तर. तिसऱ्यांदा विचारले तेव्हा, हा आपली परीक्षा पाहतो आहे हे ओळखून तो संतापला, आणि संतापाच्या भरात त्याच्या तोंडून एक शिवी बाहेर पडली. ‘तां’ सोडून तेवढेच शब्द त्याच्याजवळ शिल्लक होते.

त्याचे खरे नाव लुई व्हिक्टर लेबोर्न्य. तो एका शाळामास्तराचा मुलगा होता आणि बुटांचे लाकडी साचे घडवण्याचा त्याचा व्यवसाय होता. हे जगाला कळायला २०१३ साल उजाडावे लागले. सेझारी दोमान्स्की या पोलिश संशोधकाने जुनी दप्तरे चाळून ते शोधून काढले. मधल्या दीडशे वर्षांत त्याचा मेंदू बरणीत जपून ठेवला गेला होता, त्यावर ग्रंथच्या ग्रंथ लिहिले गेले होते, आणि नावाच्या जागी त्याला उच्चारता येणारे ते एक अक्षर होते.

त्याच्याही आधीचे एक उदाहरण इंग्रजी वाङ्मयात प्रसिद्ध आहे. कोशकार सॅम्युअल जॉन्सन यांना १७८३ सालच्या जून महिन्यात एका पहाटे जाग आली ती डोक्यात काहीतरी गोंधळ झाल्याच्या जाणिवेने. ते घाबरले आणि त्यांनी देवाची प्रार्थना केली की, शरीराचे काहीही होवो, माझी बुद्धी तेवढी राख. ही प्रार्थना त्यांनी लॅटिन पद्यात रचली, कारण बुद्धी शाबूत आहे की नाही याची त्यांना परीक्षाच घ्यायची होती. पद्य काही फारसे चांगले उतरले नाही. पण ते चांगले नाही हे आपल्याला कळते आहे, यावरून त्यांनी बुद्धी शाबूत असल्याचा निर्वाळा स्वतःच स्वतःला दिला. नंतर ध्यानात आले की, तोंडातून शब्द निघत नाही. (स्वतःच्या कवितेचा दर्जा ओळखता येणे हे सुदृढ बुद्धीचे लक्षण मानले तर आपल्याकडच्या कित्येक कवींची तपासणी करावी लागेल, पण तो विषय वेगळा.)

ही झाली दूरची माणसे. आमच्या मोहन्यात एक गृहस्थ होते. मूळचे वसईकडचे, नोकरीनिमित्त येथे आले आणि नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशनमध्ये, म्हणजे आमच्या बोलण्यातल्या एनआरसीत, सूत काढण्याच्या खात्यात त्यांनी उभी हयात घालवली. कारखाना नोव्हेंबर २००९ मध्ये बंद पडला. त्यानंतर काही वर्षांनी काकांना पक्षाघात झाला. उजवा हात गेला, पाय ओढत चालता येऊ लागले, आणि बोलण्यात ‘असा’ एवढाच शब्द उरला. एकदा त्यांच्या नातवाने शाळेच्या पुस्तकातला कृत्रिम धाग्यांवरचा धडा त्यांच्यापुढे धरला. काकांनी पुस्तक बाजूला सारले आणि डाव्या हाताने दाखवायला सुरुवात केली. लगदा भिजतो, तो पिळतात, कुसकरतात, मुरू देतात. मग घट्ट मधासारखा द्राव होतो, बारीक छिद्रांतून आम्लाच्या कुंडात उतरतो आणि तेथे त्याचा धागा बनतो. प्रत्येक पायरीला एक ‘असा’. मध्येच नातवाने दोन पायऱ्यांची अदलाबदल केली तेव्हा त्यांनी त्याचा हात धरून थांबवले आणि पुन्हा पहिल्यापासून दाखवले. सगळी प्रक्रिया क्रमवार डोक्यात होती. तिला नावे देणारे शब्द तेवढे नव्हते.

हे केवळ भाबडे निरीक्षण नाही, असे म्हणायला शास्त्राचा आधार आहे. इंग्लंडमधील रोझमेरी व्हार्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली तीन रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तिघांचेही व्याकरण पार कोलमडलेले. ‘माणसाने सिंहाला मारले’ आणि ‘सिंहाने माणसाला मारले’ या जातीच्या वाक्यांतला फरक त्यांना कळत नव्हता. मराठीत तर या फरकाचा सारा भार ‘ने’ आणि ‘ला’ या दोन इवल्या प्रत्ययांवर असतो! परंतु हेच तिघे मोठ्या संख्येतून लहान संख्या वजा करणे आणि लहानीतून मोठी वजा करणे यांत गल्लत करत नव्हते. कंसांची गणितेही सोडवत होते. म्हणजे कोणी कोणाला काय केले हे वाक्यातून उमगत नव्हते, पण कोणातून कोण वजा झाले हे बरोबर कळत होते. विचार आणि भाषा यांची घरे शेजारी शेजारी असतील, त्यांची रोजची ये-जा असेल, पण घर एक नव्हे, असा निष्कर्ष यातून निघतो.

आपल्या परंपरेत वाणीच्या परा, पश्यन्ती, मध्यमा आणि वैखरी अशा चार पायऱ्या सांगितल्या आहेत. उच्चारलेली वाणी ही सर्वांत शेवटची, वैखरी. व्याकरणाचा विचार करणाऱ्या जुन्या तत्त्वज्ञांनी हे भेद मेंदू फोडून पाहून केलेले नव्हते, आणि आजच्या शास्त्राने त्यांच्यावर शिक्कामोर्तब केले आहे असे म्हणण्याचा मोह मी टाळतो. तसे म्हणणे हा दोघांवरही अन्याय होईल. परंतु उच्चाराच्या मागे अजून न उच्चारलेले काहीतरी असते, एवढी जाण आपल्या भाषेत फार जुनी आहे. असे असताना वैखरी थांबली की आपण सगळेच संपले असे धरून चालतो, याचे मला नवल वाटते.

आता विजेकडे वळू. माँट्रियल येथील मेंदूशल्यविशारद वाइल्डर पेनफील्ड फेफऱ्याच्या रुग्णांवर शस्त्रक्रिया करीत, तेव्हा रुग्णाला जागे ठेवीत. फक्त डोक्याची त्वचा बधिर करायची, कारण खुद्द मेंदूला वेदना नसते. कापण्यापूर्वी भाषेचा प्रदेश कोठे आहे हे समजावे म्हणून ते उघड्या मेंदूला विजेच्या अग्राने हलकेच स्पर्श करीत आणि रुग्णाला चित्रे दाखवून नावे विचारीत. एका रुग्णाला फुलपाखराचे चित्र दाखवले तेव्हा अग्र भाषेच्या जागी टेकलेले होते. रुग्ण गप्प राहिला, चिडून त्याने बोटांनी चुटकी वाजवली. अग्र काढताच तो बोलू लागला. त्याने सांगितले की, फुलपाखरू हा शब्द येईना म्हणून मी पतंगाचा शब्द शोधून पाहिला, तर तोही मिळेना. या प्रसंगाकडे पेनफील्ड आयुष्यभर पुन्हा पुन्हा वळत राहिले. शब्द बंद पडला असताना कोणीतरी तो शोधत होते. एक सापडत नाही म्हणून त्याच्या जवळचा दुसरा हुडकत होते, आणि मिळत नाही म्हणून वैतागतही होते. हे शोधणारे कोण? आयुष्याच्या अखेरीस १९७५ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात पेनफील्ड मन हे मेंदूहून निराळे असावे या मताकडे झुकले. बहुसंख्य मेंदूशास्त्रज्ञांना ते पटलेले नाही. शोध घेणारा तोही मेंदूचाच दुसरा भाग, असे ते म्हणतील. तो वाद येथे मिटणारा नाही. मात्र पेनफील्ड यांचे आणखी एक निरीक्षण वादापलीकडचे आहे. विजेच्या स्पर्शाने बोलणे थांबवता येत होते, नुसता स्वर उमटवता येत होता. पण विजेने रुग्णाच्या तोंडून अर्थपूर्ण शब्द कधी वदवता आला नाही.

मग विजेने वाचा परत येईल ही आशा कशाच्या बळावर? या नव्या उपचारात कवटी उघडत नाहीत. मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या दोन स्पंजांतून एक ते दोन मिलिअँपियर इतका प्रवाह कवटीवरून सोडतात. साध्या टॉर्चच्या बल्बमधून वाहणाऱ्या प्रवाहाच्या शंभराव्या हिश्श्याच्या आसपास, एवढाच तो असतो. त्वचेला किंचित झिणझिण्या येतात. या उपचाराला ‘टीडीसीएस’ म्हणतात. हा प्रवाह मेंदूच्या पेशींना बोलते करीत नाही. त्यांची तत्परता किंचित वाढवतो किंवा घटवतो. चुंबकाच्या साह्याने करायची ‘टीएमएस’ नावाची दुसरी रीतही आहे. तिचा वापर करून बोस्टनच्या मार्गरेट नेझर यांनी २००५ साली, मेंदूचा उजवा भाग शांत केल्यास चार जुन्या रुग्णांचे चित्रांना नावे देणे सुधारले, असे दाखवले. डावा भाग निकामी झाल्यावर उजवा भाग नको तितकी लुडबुड करतो आणि डाव्याच्या उरल्यासुरल्या पेशींना डोके वर काढू देत नाही, अशी त्यामागची कल्पना होती.

कल्पना सुबक होती. माणसे मात्र इतकी सुबक निघाली नाहीत. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात प्रियांका शाह-बसाक आणि रॉय हॅमिल्टन यांनी सहकाऱ्यांसह २०१५ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग या दृष्टीने मला फार बोलका वाटतो. त्यांनी वाचाघाताच्या १२ जुन्या रुग्णांवर प्रवाहाच्या चार वेगवेगळ्या मांडण्या करून पाहिल्या : धन अग्र डावीकडे, ऋण अग्र डावीकडे, धन उजवीकडे, ऋण उजवीकडे. पाचवी मांडणी लटकी, म्हणजे उपचाराचा सगळा देखावा खरा, प्रवाह मात्र नाही. प्रत्येक वेळी २० मिनिटे, २ मिलिअँपियर, आणि त्याच वेळी रुग्णाने चित्रांची नावे सांगायची. आढळले असे की, एकाला जी मांडणी लागू पडे ती दुसऱ्याला पडेना. १२ पैकी सात जणांना कोणती ना कोणती मांडणी मानवली, बाकीच्यांना एकही नाही. सरासरीने पाहता सर्वांत अधिक लाभ डावीकडे ऋण अग्र ठेवल्यावर झाला. रूढ समजुतीप्रमाणे ऋण अग्र पेशींना मंद करते, आणि आजारी डाव्या बाजूला तर चेतवायला हवे, तेव्हा हा निकाल अपेक्षेच्या उलट होता. ज्या सात जणांना लाभ दिसला त्यांना पुढे आपापल्या मांडणीने दहा दिवस उपचार दिले. दोन आठवड्यांनी आणि पुन्हा दोन महिन्यांनी तपासले तेव्हा त्यांचा वाचाघात पूर्वीपेक्षा सौम्य झालेला दिसला. लटक्या उपचारानंतर तसे दिसले नव्हते.

संख्या लहान आहे हे उघड आहे. अमेरिकेतच युलियस फ्रिद्रिक्सन आणि सहकाऱ्यांनी २०१८ साली ७४ रुग्णांवरील मोठी चाचणी प्रसिद्ध केली. भाषेचा सराव सर्वांनाच दिला होता. निम्म्यांना खरा प्रवाह, निम्म्यांना लटका. खरा प्रवाह मिळालेल्यांना सरासरीने सुमारे १४ जास्तीची नावे सांगता येऊ लागली, लटका मिळालेल्यांना सुमारे आठ. या आठ शब्दांकडे वाचकाने नीट पाहावे. ते विजेवाचून आलेले आहेत. समोर कोणीतरी बसले, चित्र धरले, वाट पाहिली, पुन्हा विचारले, त्यातून ते आले. वीज त्यात काही भर घालते. पण नुसती वीज लावून रुग्णाला कोपऱ्यात बसवले तर काय होईल, असे विचारण्यात फारसा अर्थ नाही, कारण या प्रयोगांत प्रवाह सरावाच्या जोडीनेच दिला जातो. शिवाय २०१९ साली कॉक्रेन या नामांकित संस्थेने तोवरच्या सर्व चाचण्यांचा आढावा घेतला, तेव्हा नामे उच्चारण्यात काहीशी सुधारणा दिसली, क्रियापदांत दिसली नाही, आणि दैनंदिन संवाद सुधारल्याचा पुरावा तर मिळालाच नाही. ‘पेला’ म्हणता येणे आणि ‘मला पाणी नको, खिडकी उघड’ असे सांगता येणे यांत पुष्कळ अंतर आहे.

म्हणून मेंदूला प्रवाह देऊन वाचा हमखास परत आणू, असे कोणी पैसे मोजून घेताना सांगत असेल, तर तो शास्त्राच्या पुढे गेलेला आहे असे समजावे. घरगुती यंत्रे विकत घेऊन स्वतःच प्रयोग करणे हा तर धोकाच. ज्या उपचारात अग्र कोणत्या बाजूला ठेवायचे हेच माणसागणिक बदलते, तो अंदाजाने करण्याजोगा नव्हे. संशोधकांच्या प्रामाणिकपणाबद्दल मात्र मला आदर वाटतो. आपली आवडती कल्पना मोडली, तर ती मोडल्याचे त्यांनी छापून टाकले.

तिकडे हे चालले असताना आमच्याकडे काय होते? काकांना वाचोपचारासाठी मुंबईला न्यायचे ठरले. मोहन्याहून आंबिवली स्थानक, तेथून कसाऱ्याहून आलेली लोकल, गर्दीत लुळ्या पायाने चढायचे, पुढे साठेक किलोमीटर प्रवास, आणि अर्ध्या तासाच्या सरावानंतर तेच सगळे उलट. आठवड्यातून तीनदा जायला हवे होते. जेमतेम पंधरवड्यातून एकदा जमले आणि काही महिन्यांनी बंद झाले. त्यातही भाषेचा प्रश्न होता. काकांची जन्मभाषा सामवेदी. शाळेत आणि देवळात प्रमाण मराठी, कारखान्यात हिंदी, पगाराच्या कागदावर इंग्रजी. सराव कोणत्या भाषेत घ्यायचा? हा वाद जुनाच आहे. फ्रेंच विचारवंत तेओद्यूल रिबो यांच्या मते सर्वांत आधी शिकलेली भाषा सर्वांत शेवटी जाते. आल्बेर पित्र यांनी १८९५ साली म्हटले की, आजारापूर्वी जी अधिक वापरात होती ती आधी परतते. रुग्णांत दोन्ही प्रकार आढळतात, तिसरेही आढळतात. हैदराबादच्या निम्स संस्थेत सुवर्णा अल्लादी आणि सहकाऱ्यांनी पक्षाघाताच्या ६०८ रुग्णांची पाहणी करून २०१६ साली दाखवले की, एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांची एकूण समज घातानंतर अधिक शाबूत राहते. वाचाघाताचे प्रमाण मात्र एकभाषिकांत आणि बहुभाषिकांत जवळजवळ सारखेच आढळले. समज राहावी पण शब्द जावेत, ही स्थिती बहुभाषिक माणसाच्या वाट्याला अधिक येत असेल, असा याचा एक अर्थ मला दिसतो. तसे असेल तर त्याला मतिमंद समजणे हा दुहेरी अन्याय ठरतो.

सामवेदीत चित्रे आणि शब्दांचा सराव घेणारा कोण मिळणार? तो काकूंनीच घेतला. विहीर, केळ, मासळी, मडके.

येथे एक नाजूक प्रश्न उभा राहतो, आणि तो आपल्या वाचकांना जवळचा आहे. ज्याला ‘पाणी’ म्हणता येत नाही तो रुग्ण कधी कधी सबंध ‘आमच्या बापा’ न अडखळता म्हणतो. काका जपमाळेच्या वेळी सर्वांबरोबर ‘नमो मरिया’ अखंड म्हणत. बाहेरच्याला हा चमत्कार वाटतो. इंग्लंडचे ह्युलिंग्ज जॅक्सन यांनी एकोणिसाव्या शतकातच याचा उलगडा सुचवला होता. नवे वाक्य जुळवणे ही एक क्रिया आहे, आणि पाठ झालेले ओघाने म्हणणे ही वेगळी. वारांची नावे, आकडे, गाणी, प्रार्थना, शिव्या या दुसऱ्या कप्प्यात असतात आणि तो पुष्कळदा वाचतो. म्हणजे प्रार्थना आणि शिवी शरीरशास्त्राच्या दृष्टीने एकाच कप्प्यातल्या! मग तोंडपाठ बाहेर पडणारे ‘नमो मरिया’ ही प्रार्थना म्हणायची की नुसती सवय? मला वाटते, हा प्रश्न आपण निरोगी माणसांनी आधी स्वतःला विचारावा. रुग्णाच्या बाबतीत उत्तर शब्दांत शोधून सापडणार नाही. काकांच्या हातातला मणी प्रत्येक प्रार्थनेला बरोबर पुढे सरकत असे, आणि शेजारणीच्या आजारी मुलासाठी जप आहे असे सांगितले की ते खुर्चीत सावरून बसत. त्यांच्या मनात काय चालले आहे याची खूण तेथे होती.

याच गोष्टीची दुसरी बाजू फ्रेंच कवी बोदलेर याच्या चरित्रात दिसते. १८६६ सालच्या मार्चमध्ये बेल्जियममधील नामूर गावच्या चर्चमध्ये तो कोसळला. थोड्याच दिवसांत त्याची वाचा गेली आणि देवाच्या नावाने घेतलेली एक अर्धवट शपथ तेवढी तोंडात राहिली. ब्रुसेल्सला ज्या धर्मभगिनींच्या रुग्णालयात त्याला ठेवले होते, त्या भगिनींना तो सतत देवनिंदा करतो आहे असे वाटले आणि त्या हवालदिल झाल्या. तो चहा मागताना तेच म्हणत होता, आभार मानतानाही तेच. ब्रोकाचा निबंध पाच वर्षांपूर्वी प्रसिद्ध झाला होता. पण रुग्णालयाच्या दालनात तो कोण वाचणार? त्या भगिनी निर्दय नव्हत्या. शब्द म्हणजेच माणूस, अशी त्यांचीही समजूत होती.

लूकच्या शुभवर्तमानात जखऱ्याची वाचा जाते. बाळाचे नाव ठेवायची वेळ येते तेव्हा नातेवाईक परस्पर नाव ठरवून मोकळे होतात. मग कोणाला तरी सुचते की, बापाला खुणेने विचारावे. जखऱ्या पाटी मागवतो आणि लिहून देतो. त्याला लिहिता येत होते, म्हणून वैद्यकाच्या भाषेत तो वाचाघात नव्हे. पण नातेवाईकांचे वागणे ओळखीचे आहे. वाचाघाताच्या रुग्णाला पाटीही वाचवू शकत नाही, आणि त्याच्या ‘हो’वर ‘नाही’वरही भरवसा ठेवणे कठीण जाते, कारण या विकारात ‘हो’ म्हणायचे असता मान ‘नाही’ अशी हलू शकते. मग त्याची इच्छा जाणायची कशी? लग्नाच्या संमतीबाबत १९८३ च्या धर्मसंहितेने बोलू न शकणाऱ्याची खूण शब्दाच्या तोलाची मानली आहे. देशाच्या कायद्यात १९९५ च्या अपंग व्यक्तींच्या अधिनियमाने सात प्रकार मोजले होते, त्यांत वाचाघाताला जागा नव्हती. २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्याने भाषेच्या अपंगत्वात वाचाघाताचा नावानिशी उल्लेख केला. कायद्याने नाव घेतले, पण घराघरात खूण वाचण्याचे काम उरतेच.

काकांच्या घरी तो प्रसंग आला. वसईकडची वडिलोपार्जित वाडी विकायची असे भावांनी ठरवले. काकांचा अंगठा हवा होता. कागद घेऊन आलेले आप्त म्हणाले, “त्याला काय कळतंय, अंगठाच तर लावायचाय.” काकांनी मान हलवली, पण ती ‘नाही’ होती की ‘हो’, याबद्दल दोन मते पडली. काकूंनी कागद ठेवून घेतले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी विचारले, “वाडी विकायची?” आणि संध्याकाळी उलटून विचारले, “वाडी ठेवायची?” दोन पत्रावळी पुढे ठेवल्या, एकीवर वाडीतली माती आणि दुसरीवर नोट, आणि हात कोठे जातो ते पाहिले. चार दिवसांनी पत्रावळींची जागा बदलून पुन्हा पाहिले. हात दर वेळी मातीकडे गेला. काकूंनी ब्रोकाचे नाव ऐकलेले नव्हते. आठवड्यानंतर त्यांनी आणखी एकदा विचारले तेव्हा मात्र काका भडकले, डाव्या हाताने पत्रावळ उधळली आणि ‘असा, असा’ म्हणत त्यांच्याकडे पाठ फिरवून बसले.